पाण्याखालचे पंधरा मीटर



बोनस, ग्रॅच्युइटी आणि कंत्राटी पद्धत ज्याच्या तोंडी सदैव असते, अशा माणसाने या व्याख्यानमालेत पोहण्याच्या शर्यतीवर बोलावे, याचे आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. मी विषय कळविला तेव्हा चिटणीसांनी दोनदा खात्री करून घेतली. परंतु या विषयाकडे मी कामगार चळवळीच्याच वाटेने आलो. २०१८ च्या डिसेंबर महिन्यात एक बातमी वाचनात आली. तीन नामांकित पोहणाऱ्यांनी आपल्याच जागतिक महासंघाविरुद्ध अमेरिकेतील न्यायालयात दावा दाखल केला होता. तेव्हा मनात आले, की ज्यांच्या अंगावर लंगोटाएवढे कापड आणि गळ्यात सुवर्णपदक, त्यांचे मालकाशी भांडण ते कसले? ते समजून घेण्यासाठी वाचू लागलो, आणि वाचता वाचता बटरफ्लायच्या इतिहासापाशी येऊन पोचलो. त्या दाव्याकडे मी शेवटी येईन. आधी शर्यत पाहू.

२०२२ सालचा डिसेंबर, ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहर. पंचवीस मीटरच्या तलावातील जागतिक अजिंक्यपद स्पर्धा चालू आहे. वस्तुतः ही स्पर्धा रशियात कझान येथे व्हावयाची; युक्रेनच्या युद्धामुळे ती तेथून हलविण्यात आली. पुरुषांच्या पन्नास मीटर बटरफ्लायची अंतिम फेरी. ठोकळ्यांवर उभ्या असलेल्यांत ब्राझीलचा निकोलस सांतोस आहे. जन्म १९८०, वय बेचाळीस. त्याच रांगेत स्वित्झर्लंडचा नोए पोंती आहे. वय एकवीस, म्हणजे बरोबर निम्मे. इशारा होतो, सगळे सूर मारतात आणि २१.७८ सेकंदांनी पहिला हात भिंतीला लागतो तो सांतोसचा. पोंती दुसरा. ही शर्यत सांतोसने २०१२, २०१८ आणि २०२१ मध्ये जिंकलेली होती. हे त्याचे चौथे अजिंक्यपद, आणि हेच शेवटचे. त्यानंतर तो निवृत्त झाला.

बेचाळीस वर्षे! आमच्याकडे पंचेचाळिशी दिसू लागली, की स्वेच्छानिवृत्तीचा कागद माणसापुढे सरकविला जातो, आणि त्यातली ‘स्वेच्छा’ कोणाची असते हे आपण जाणताच. तेव्हा बेचाळिसाव्या वर्षी एकवीस वर्षांच्या पोराला हरविणारा माणूस पाहिला की माझ्यासारख्याला आनंद होणारच. परंतु नुसत्या आनंदाने गोष्ट उलगडत नाही. हाच सांतोस पन्नास मीटर लांबीच्या मोठ्या तलावात, याच शर्यतीत, जगज्जेता कधीही झाला नाही. तेथे २०१५, २०१७ आणि २०२२ मध्ये तो दुसरा आला, २०१९ मध्ये तिसरा. मोठ्या तलावात दुसरा-तिसरा आणि लहान तलावात चार वेळा पहिला, असे का व्हावे?

याचे उत्तर पाण्याखाली आहे. आपल्यापैकी जे कोणी विहिरीत भोपळा बांधून पोहायला शिकले असतील, त्यांना एक अनुभव असेल. काठावरून सूर मारला की पहिले दोन-चार हात अंतर फुकट कापले जाते. पुढे हातपाय मारू लागले की तो वेग राहत नाही. पाण्याच्या पृष्ठभागावर पोहणारा माणूस पुढे जाताना लाट उठवीत जातो, आणि त्याची बरीचशी शक्ती त्या लाटेवर खर्ची पडते. खाली गेला, की हा खर्च पुष्कळ वाचतो. म्हणून सूर मारल्यावर किंवा भिंतीला पाय रेटून सुटल्यावर अंग ताठ करून, हात डोक्यापुढे जोडून, कमरेपासून पायापर्यंत माशासारखी लाट खेळवीत गेले तर माणूस वरच्यापेक्षा वेगाने जातो. यालाच डॉल्फिन किक म्हणतात. आजचा नियम असा, की बटरफ्लायमध्ये सुरुवातीला आणि प्रत्येक वळणानंतर पंधरा मीटरपर्यंत खाली राहता येते. तेथवर डोके वर आलेच पाहिजे.

आता हिशेब करा. मोठ्या तलावात पन्नास मीटरची शर्यत म्हणजे एकच फेरी, मध्ये वळण नाही. पंधरा मीटर खाली, पस्तीस वर. लहान तलावात मध्ये एक भिंत येते. म्हणजे पंधरा अधिक पंधरा, तीस मीटर खाली आणि अवघे वीस वर. शंभर मीटरच्या शर्यतीत हाच हिशेब मोठ्या तलावात तीस खाली, सत्तर वर; लहान तलावात साठ खाली, चाळीस वर. तेव्हा नाव बटरफ्लायचे असले तरी लहान तलावातील फुलपाखरू निम्म्याहून अधिक वाट मासा होऊन जाऊ शकते. भिंतीवर पाय कसा आदळावा, कोणत्या कोनातून सुटावे, कोणत्या क्षणी वर यावे, हे सारे कसबाचे काम आहे. कसब वर्षांनी वाढते. सांतोसच्या चार विजयांचे मर्म माझ्या मते येथे आहे. त्याचे अंग इतकी वर्षे तसे राहिले ही त्याची थोरवी निराळीच.

परंतु हा पंधरा मीटरचा नियम आला कोठून? तो काही पाण्याने केलेला नाही.

त्यासाठी मागे गेले पाहिजे. विसाव्या शतकाच्या आरंभी बटरफ्लाय नावाची गोष्टच नव्हती. छातीवर पोहण्याची जुनी बेडकाची रीत होती, तिला ब्रेस्टस्ट्रोक म्हणतात. तिच्या नियमांत दोन्ही हात एकदम छातीपासून पुढे न्यावेत असे म्हटले होते. ते पाण्याखालूनच न्यावेत असे मात्र कोणी लिहिले नव्हते. लिहिण्याची गरज कोणाला वाटली नसावी. १९३३ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात हेन्री मायर्स या पोहणाऱ्याने ब्रेस्टस्ट्रोकच्या शर्यतीत दोन्ही हात पाण्याबाहेर काढून, पंखासारखे फिरवून पुढे टाकले. पाय बेडकाचे, हात पाखराचे! नियमाचे पुस्तक उघडावे तर त्यात हे कोठे निषिद्ध नव्हते. आमच्या चळवळीत याला ‘नियमानुसार काम’ म्हणतात. पुस्तकात लिहिले आहे तेवढे आणि तसेच करायचे, आणि मग पुस्तक लिहिणाराच पेचात सापडतो.

हात मोकळे झाले, पाय मात्र बेडकाचेच राहिले. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात डेव्हिड आर्मब्रस्टर नावाचे प्रशिक्षक या नव्या हातांवर काम करीत होते. त्यांचा शिष्य जॅक सीग पाण्यात एका कुशीवर होऊन, दोन्ही पाय जोडून, माशाच्या शेपटीसारखे हलवीत असे. १९३५ च्या सुमारास या दोघांनी तीच लाट पालथे होऊन पायांत उतरविली आणि पाखराच्या हातांशी तिची सांगड घातली. आज जगभर जी बटरफ्लाय दिसते ती ही. वेग विलक्षण होता. पण येथे पुस्तक आड आले. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये पायांनी काय करावे हे मात्र स्पष्ट लिहिलेले होते, आणि पाय खालीवर हलविणे त्यात बसत नव्हते. तेव्हा हात मान्य, पाय अमान्य! पुढची सतरा-अठरा वर्षे बटरफ्लाय अशी अर्धीच जगली. माणसाला साधलेली गोष्ट कागदात बसत नाही म्हणून ती करायची नाही, याचे याहून नमुनेदार उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

दरम्यान अर्ध्या पाखराने बिचाऱ्या बेडकाला हुसकून लावले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये दोनशे मीटर ब्रेस्टस्ट्रोक अमेरिकेच्या जो व्हर्डरने जिंकला तो पाखराच्या हातांनी, आणि अंतिम फेरीतले जवळजवळ सगळेच तसे पोहत होते. १९५२ साली हेलसिंकीला ऑस्ट्रेलियाचा जॉन डेव्हिस जिंकला, तोही तसाच. (हा डेव्हिस पुढे वकील झाला आणि अमेरिकेत संघीय न्यायाधीशपदापर्यंत चढला, लॉस एंजेलिसमध्ये रॉडनी किंग याला मारहाण करणाऱ्या पोलिसांवरील संघीय खटला १९९३ मध्ये त्याच्यापुढेच चालला. नियमाच्या फटीतून सुवर्णपदक काढणाऱ्याने न्यायासनावर बसावे हे मला मोठे गमतीचे वाटते.) ब्रेस्टस्ट्रोकच्या शर्यतीत ब्रेस्टस्ट्रोक उरलाच नव्हता. तेव्हा कोठे फिना या महासंघाने हेलसिंकीनंतर दोन्ही रीती वेगळ्या केल्या, आणि वेगळे घर मिळाल्यावर बटरफ्लायला डॉल्फिनचे पायही मिळाले. हंगेरीचा ग्यॉर्गी तुम्पेक हे नवे पाय घेऊन विक्रम करू लागला.

ऑलिंपिकमधली बटरफ्लायची पहिली स्वतंत्र शर्यत १९५६ साली झाली, आणि ती याच मेलबर्न शहरात. अमेरिकेचा विल्यम यॉर्झिक दोनशे मीटर २ मिनिटे १९.३ सेकंदांत पोहला. दुसरा आलेला जपानचा इशिमोतो त्याच्यामागे तब्बल साडेचार सेकंदांवर होता, आणि तुम्पेक त्याच्या जेमतेम मागे, तिसरा. सहासष्ट वर्षांनी सांतोस ज्या शहरात जिंकला त्याच शहरात या पद्धतीचा असा दरबारी प्रवेश झाला होता.

आपल्याला वाटेल, तंटा मिटला. पण तंटा पाण्याखाली गेला. वर हात मारण्यापेक्षा खाली पाय मारणे वेगवान, हे पोहणाऱ्यांच्या ध्यानात येऊ लागले. प्रथम ते पाठीवरच्या पोहण्यात दिसले. १९८८ च्या सेऊल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा डेव्हिड बर्कॉफ सुरुवातीलाच सुमारे पस्तीस मीटर पाण्याखालून जाई. प्रेक्षकांना तलावात माणूसच दिसेना. प्राथमिक फेरीत त्याने जागतिक विक्रम केला. अंतिम फेरीत मात्र जपानच्या दाइची सुझुकीने, त्यानेही खालूनच जाऊन, त्याला गाठले आणि सुवर्णपदक नेले. लगेच महासंघाने पाठीवरच्या पोहण्याला दहा मीटरची मर्यादा घातली, ती १९९१ साली पंधरा केली. बटरफ्लायला मर्यादा नव्हती. मग रशियाच्या देनिस पांक्रातोवने १९९६ मध्ये अटलांटा येथे पन्नास मीटरच्या तलावाची जवळजवळ अर्धी लांबी खालून काढली, शंभर मीटरमध्ये ५२.२७ सेकंदांचा विक्रम केला आणि दोनशे मीटरचेही सुवर्ण मिळविले. दोन वर्षांनी, १९९८ मध्ये, बटरफ्लायलाही पंधरा मीटरची दोरी बांधली गेली. त्या दोरीची खूण आपण तलावात पाहू शकता. दोन्ही टोकांपासून पंधरा मीटरवर गल्ल्यांच्या दोऱ्यांवर वेगळ्या रंगाचा मणी असतो.

येथे मला थोडे थांबून माझे मत सांगितले पाहिजे. कारखान्यात हातात स्टॉपवॉच घेऊन कामगाराच्या मागे उभा राहणारा माणूस मी जवळून पाहिलेला आहे. कामगार आपल्या अकलेने एखादी युक्ती काढतो, दोन मिनिटे वाचवितो. ती दोन मिनिटे त्याची राहत नाहीत, पुढच्या करारात ती वाढीव उत्पादनाच्या रूपाने त्याच्याच माथी येतात. तलावाच्या काठीही स्टॉपवॉच घेतलेला माणूस उभा असतो. तेथे युक्ती काढली की प्रथम तिच्यावर बंदी येते. तेव्हा नियम करणाऱ्यांविषयी माझ्या मनात प्रेम असण्याचे कारण नाही. तथापि पंधरा मीटरच्या या नियमाची बाजू मी घेईन. मर्यादा घालणारा प्रत्येक नियम जाचाचा नसतो. आठ तासांचा दिवस हीदेखील मर्यादाच आहे, आणि ती मिळविण्यासाठी माणसे तुरुंगात गेली. दम कोंडून कोण किती वेळ मरणाच्या दारापर्यंत जाऊ शकतो, अशी चढाओढ तरुण मुलांत लावून देणे मला तरी पटत नाही. शिवाय हा नियम हुकमाने आला असला तरी त्याचा आकार पोहणाऱ्यांनी ठरविला. बर्कॉफ पस्तीस मीटर गेला नसता, तर कोणाला पंधराचा आकडा सुचला असता?

पोशाखांची गोष्ट याहून सरळ आहे. २००८ आणि २००९ या दोन वर्षांत अंगाला चिकटणारे, पाण्यावर तरंगविणारे पोशाख निघाले आणि विक्रमांचा नुसता पाऊस पडला. कसब माणसाचे की कापडाचे हेच कळेना. १ जानेवारी २०१० पासून त्यांच्यावर बंदी आली. लहान तलावातला पन्नास मीटर बटरफ्लायचा विक्रम जर्मनीच्या स्टेफन डाइब्लरने नोव्हेंबर २००९ मध्ये, म्हणजे बंदीच्या तोंडावर, २१.८० सेकंदांचा करून ठेवला होता. तो नऊ वर्षे कोणाला मोडता आला नाही. २०१८ च्या ऑक्टोबरात बुडापेस्ट येथे तो २१.७५ वर आणला सांतोसने, साध्या पोशाखात, वयाच्या अडतिसाव्या वर्षी.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात चीनमध्ये हांगझोऊ येथे लहान तलावाची जागतिक स्पर्धा झाली. तेथे सांतोसने पन्नास मीटर बटरफ्लाय जिंकले, आणि दक्षिण आफ्रिकेच्या चॅड ले क्लोने शंभर मीटर. त्या आठवड्यात पोहणाऱ्यांच्या बैठकीत मात्र शर्यतींखेरीज दुसरीही चर्चा असणार. कारण स्पर्धेला आरंभ होण्यापूर्वी चारच दिवस, ७ डिसेंबर रोजी, आरंभी सांगितलेला तो दावा सॅन फ्रान्सिस्को येथे दाखल झाला होता. दावा लावणारे तिघे म्हणजे हंगेरीची काटिंका होस्सू, आणि अमेरिकेचे टॉम शील्ड्स व मायकेल अँड्र्यू. शील्ड्स हा बटरफ्लायचाच माणूस.

भांडण असे. जागतिक स्पर्धा महासंघ भरविणार, तिचे नियम महासंघ करणार, तिच्यातून येणारा पैसा महासंघाच्या हाती, आणि पोहणाऱ्यांचा वाटा महासंघ ठरवील तेवढा. २०१७ मध्ये विश्वचषक मालिकेचे नियम पोहणाऱ्यांना न विचारता बदलले गेले, तेव्हा होस्सूने उघड पत्र लिहून आपल्या व्यवसायबंधूंना संघटित होण्याची हाक दिली. त्या उन्हाळ्यात तीसेक नामवंत पोहणाऱ्यांनी एक संघटना उभी केली. पुढे इंटरनॅशनल स्विमिंग लीग नावाची खासगी मालिका निघाली. ती पोहणाऱ्यांना पगार आणि मिळकतीत मोठा वाटा देऊ म्हणत होती. तिच्याशी जोडलेली एक स्पर्धा डिसेंबर २०१८ मध्ये इटलीत तुरीन येथे ठरली. महासंघाने बजावले, की आमच्या मान्यतेवाचून होणाऱ्या स्पर्धेत कोणी भाग घेतला तर त्याच्यावर बंदी येऊ शकेल. तुरीनची स्पर्धा रद्द झाली. एकाच मालकाकडे काम करा, नाहीतर गावात कोणी कामावर घेणार नाही, असे सांगण्यासारखेच हे होते. आणि गाव म्हणजे येथे सगळी पृथ्वी!

होस्सू दावा लावून घरी बसली नाही. त्याच महासंघाच्या हांगझोऊच्या तलावात चार दिवसांनी ती उतरली आणि जिंकलीही. हे मला फार आवडले. दावाही चालू आणि कामही चालू; मागणी कामाविरुद्ध नव्हतीच. जानेवारी २०१९ मध्ये महासंघाने जाहीर केले, की स्वतंत्र संयोजकांच्या स्पर्धांत भाग घेण्यास पोहणारे मोकळे आहेत. न्यायालयातले काम पुढे वर्षानुवर्षे चालले ते निराळे. पण जे मागितले होते त्यातला मुख्य भाग महिनाभरात पदरात पडला. लीग २०१९ पासून तीन हंगाम चालली. तिच्यातही सगळे तलाव पंचवीस मीटरचे होते, कारण त्यात वळणे अधिक आणि झटपट पाहण्याजोगी चुरस अधिक. २०२० मध्ये, साथीच्या काळात, तिच्याच अंतिम स्पर्धेत अमेरिकेच्या केलेब ड्रेसलने बुडापेस्टला शंभर मीटर बटरफ्लायचा ४७.७८ सेकंदांचा विक्रम केला. २०२२ चा हंगाम मात्र झालाच नाही. पैसा एकाच धनिकाचा होता, आणि तोही युक्रेनचा. एका मालकाला पर्याय म्हणून दुसरा मालक आणला तर असे होणारच. याविषयी मला कोणी निराळे शिकवावयास नको.

आपल्याकडचा एक धागा येथे सांगण्याजोगा आहे. भारताला आशियाई क्रीडास्पर्धांत पोहण्यातले जे थोडके यश मिळाले, त्यात बटरफ्लायचा वाटा मोठा. १९८६ मध्ये सेऊलला खजानसिंगने दोनशे मीटर बटरफ्लायमध्ये रौप्यपदक मिळविले. त्यानंतर चोवीस वर्षे पोहण्यात पदकच नाही. ते आणले आमच्या कोल्हापूरच्या वीरधवल खाडे याने, २०१० मध्ये ग्वांगझोऊला, पन्नास मीटर बटरफ्लायमध्ये, कांस्य. पुढे तो महाराष्ट्र शासनाच्या सेवेत तहसीलदार झाला. पोहण्यावर घर चालत नाही हे त्यालाही कळले होते, आणि ते कळायला होस्सूचे पत्र वाचावे लागत नाही.

सांतोसचेही एक दुर्दैव सांगितले पाहिजे. ज्या पन्नास मीटर बटरफ्लायमध्ये तो जगात पहिला होता, ती शर्यत त्याच्या साऱ्या कारकिर्दीत ऑलिंपिकमध्ये नव्हतीच. जगज्जेतेपदासाठी ती होती, विश्वचषकात होती, पण ऑलिंपिकच्या यादीत नाही; आणि कोणत्याही देशात खेळाडूला मिळणारा पैसा व मान ऑलिंपिकच्या मापाने मोजला जातो. त्याला ऑलिंपिकला जाण्यासाठी दुसऱ्याच पद्धतीच्या शर्यतीचा आधार घ्यावा लागला. म्हणजे ज्याचे खरे कसब कापडाच्या विणीत, त्याला सूत उचलण्याच्या कामावर घेतल्यासारखे.

मेलबर्नला तो जिंकला त्याच आठवड्यात, त्याच शहरात महासंघाने आपली सभा भरवून स्वतःचे नाव बदलले. फिनाचे वर्ल्ड ॲक्वाटिक्स झाले. दोन वर्षांनी, डिसेंबर २०२४ मध्ये, बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत नोए पोंतीने पन्नास मीटर २१.३२ सेकंदांत आणि शंभर मीटर ४७.७१ सेकंदांत जाऊन दोन्ही जागतिक विक्रम केले. आणि एप्रिल २०२५ मध्ये ऑलिंपिक समितीने पन्नास मीटर बटरफ्लाय २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी मंजूर केले. शर्यत मोठ्या तलावात होईल. पंधरा मीटर खाली, पस्तीस वर, वळण नाही. सांतोस तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचा असेल.